पेरीचं ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ पायदळ फँटसी सैन्यात खपतं का?

खपतं, पण एका तुकडीत दुसऱ्या कुणाचे सैनिक मिसळू नका.

अ‍ॅलन आणि मायकल पेरी या भावांचं हे २८ मिमी प्लास्टिक पायदळ, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळासाठी जोडून रंगवायचे छोटे सैनिक, मुळात ऐतिहासिक आहे. इंग्लंडमधल्या १४५५ ते १४८७ च्या यादवीतले धनुर्धारी आणि बिलवाले, म्हणजे लांब दांड्याला आकडीचं पातं लावलेले सैनिक. एका पेटीत ४० जण, म्हणजे २० च्या दोन तुकड्या. ‘द ओल्ड वर्ल्ड’ या फँटसी युद्धखेळासाठी प्रत्येकाच्या पायाखाली २५ मिमीचे चौकोनी बेस लावले की ५ × ४ ची एक तुकडी १२५ × १०० मिमी जागा घेते.

घडण अव्वल आहे. कापडाचे थर शिवून केलेल्या जाड अंगरख्यांच्या शिवणी इतक्या स्वच्छ उठल्यात की फिकट रंगावर पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, सोडला की निम्मं काम झालं. प्रमाणही खऱ्या माणसाचं: मनगटं बारीक, डोकी लहान. आणि घोळ इथेच होतो. फँटसीच्या ‘हिरोइक’ मापाच्या सैनिकांची डोकी-पंजे मुद्दाम मोठे केलेले असतात. त्यांचं डोकं या धडावर बसवलं तर भोपळा ठेवल्यासारखं दिसतं. वेगळ्या तुकडीत, हातभर अंतरावर, कुणाच्या लक्षातही येत नाही.

धड आणि पाय एकसंध आहेत. हात आणि डोकी तेवढी जोडायची. दोन्ही हातांनी बिल धरलेल्या सैनिकाचा एक हात आधी पक्का वाळवला तर दुसरा खांद्याला टेकतच नाही. प्लास्टिक सिमेंटचा थेंब दोन्ही खांद्यांना लावा आणि सांधे मऊ आहेत तोवर दोन्ही हात एकदम जुळवा. रांगेत बिलं एकमेकांत अडकतात, म्हणून तुकडी ट्रेवर मांडूनच हात चिकटवा: पुढच्या रांगेची पाती खाली, मागच्यांची उभी. बेसखाली क्रमांक टाका, नाहीतर प्रत्येक डावाला कोडं सोडवत बसावं लागेल.

बिलांचे दांडे हा खरा कच्चा दुवा. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, कापताना कटर दांड्याला भिडवला की ताण थेट पकडीच्या मुठीपाशी जातो आणि दांडा तिथेच तुटतो. आधी आजूबाजूची जाड चौकट कापून टाका, मग दांड्यापासून मिलिमीटरभर सोडून कापा, उरलेलं सुरीने तासा. तुटलाच तर मुठीत आधी ०.५ आणि मग १ मिमीचं भोक पाडून पितळी तार ओवा. ती सुपरग्लूनेच चिकटेल. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, धातूवर त्याचा काही उपयोग नाही.

साच्याची रेघ शिरस्त्राणावर राहिली तर धातूचा रंग दिल्यावर ओरखड्यासारखी चमकते. सुरीची धार उभी धरून खरवडा. कानस इथे नको, तिचे चरे उमटतात.

सोबतच्या कागदी निशाणांना आतून पांढरा गोंद लावून दुमडा, ओलं असतानाच पेन्सिलवर गुंडाळून लाट द्या. कडांचा पांढरा कागद मात्र रंगवायला विसरू नका. गुलाबाचं चिन्ह फँटसी सरदाराला शोभत नसेल तर निशाण उलटं दुमडून कोऱ्या बाजूवर स्वतःचं काढता येतं.