कास्टिंगच्या गणितासाठी ब्लिस: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना आम्ही कास्टिंगमधल्या ताणाचं आणि तापमानाचं विश्लेषण करून देतो. सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) घरचाच, सी प्लस प्लसमधला, आत सूटस्पार्स या लायब्ररीसंचातलं चोलमॉड, म्हणजे बहुतेक शून्यंच असलेल्या मॅट्रिक्सची समीकरणं सोडवणारी लायब्ररी. चोलमॉडचा मोठा वेळ शेवटी दाट मॅट्रिक्सच्या गुणाकारातच जातो, त्यामुळे खाली ब्लास (मॅट्रिक्सची मूलभूत गणितं करणारी लायब्ररी) कुठलं जोडलंय याला फार महत्त्व. आधी ओपनब्लास होतं, त्याबद्दल तक्रार काहीच नव्हती. पावसाळ्याआधी त्याच्या जागी ब्लिस ही तसंच काम करणारी लायब्ररी घेतली आणि आता तेच ठेवलंय.

वेगाचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. आमच्या एएमडी रायझन प्रोसेसरच्या मशीनवर मोठ्या मॅट्रिक्सला दोन्हींत जाणवेल असा फरक नाही. नुसत्या वेगासाठी बदलणार असाल तर आपल्या मशीनवर, आपल्या मापाच्या मॅट्रिक्स घेऊन मोजा आणि मगच ठरवा.

मला ब्लिस आवडलं ते वेगळ्या कारणानं. आमच्याकडे प्रत्येक नोडचं विस्थापन एक्स, वाय, झेड असं ओळीनं साठवलेलं असतं, आणि थंड होतानाच्या प्रत्येक टप्प्याचा असा एक स्तंभ. पुष्कळदा त्यातलं फक्त झेड हवं असतं. नेहमीच्या ब्लासला एका स्तंभातले आकडे मेमरीत सलग लागतात, म्हणून आधी सगळं झेड वेगळ्या जागी कॉपी करा, मग गुणाकार. ब्लिसच्या स्वतःच्या फंक्शनला ओळीची उडी आणि स्तंभाची उडी (पुढच्या ओळीतला किंवा स्तंभातला आकडा मेमरीत किती जागा पुढे आहे ते) अशी दोन्ही सांगता येतात. ओळीची उडी ३, स्तंभाची नोडसंख्येच्या तिप्पट, झालं काम. गुणाकार करताना ब्लिस तसंही मॅट्रिक्सचे तुकडे कॅशेच्या (प्रोसेसरजवळच्या लहान, वेगवान मेमरीच्या) मापानं सलग बांधून घेतं, त्यामुळे विखुरलेल्या आकड्यांचा भुर्दंड त्या बांधणीपुरताच. आमच्या कोडमधली कॉपी करणारी फंक्शनं यामुळे निघून गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे हे सॉफ्टवेअर वाचता येतं. गुणाकाराभोवतीची पाच लूप्स साध्या सीमध्ये आहेत. प्रोसेसरप्रमाणे बदलतो तो मुख्यतः आतला मायक्रोकर्नल, म्हणजे प्रत्यक्ष गुणाकार करणारा सगळ्यात आतला छोटा तुकडा. रायझनमधल्या झेन रचनेला इंटेलच्या हॅसवेलसाठीचाच चालतो, ६ बाय ८ चा. म्हणजे उत्तराचे ४८ डबल (दशांश आकडे). एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) वापरताना एका रजिस्टरात, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागेत, ४ मावतात, म्हणून १६ पैकी १२ रजिस्टरं उत्तरालाच लागतात आणि उरलेल्या ४ मधून दोन्ही मॅट्रिक्सचे आकडे सरकत राहतात. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करून आमच्याकडे आलेल्या मुलीनं हा हिशेब स्वतः कोड वाचून मांडला, तेव्हा फार समाधान वाटलं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटाचं हे काम. फील्ड व्हॅन झी आणि डेव्हिन मॅथ्यूज यांना ब्लिससाठीच गणिती सॉफ्टवेअरसाठीचा २०२३ चा विल्किन्सन पुरस्कार मिळाला. अगदी योग्य माणसांना मिळाला.

आता अडचणी. सोर्समधून बांधताना मल्टिथ्रेडिंग (काम अनेक कोअरवर वाटून करणं) आपोआप चालू होत नाही, कॉन्फिगर करताना '-टी ओपनएमपी' द्यावं लागतं. सीब्लासही (सी भाषेतून ब्लास वापरायची सोय) वेगळं मागावं लागतं. चालवताना थ्रेडची संख्या सांगितली नाही तर एकाच कोअरवर काम होतं आणि बाकीचे रिकामे बसतात. उलट आपलं कोडही थ्रेड काढत असेल तर दोघांची गर्दी होते. लॅपॅक (ब्लासवर उभी असलेली, समीकरणं सोडवणारी लायब्ररी) यात नाही. चोलमॉडला चोलेस्की विघटनासाठी ते लागतंच, म्हणून त्याच कामाचं लिबफ्लेम किंवा नेहमीचं लॅपॅक शेजारी जोडावं लागतं. बांधून झालं की 'मेक चेक' (सोबत येणाऱ्या चाचण्या) चालवाच.

उद्यमनगरातले आमचे बरेच ग्राहक विंडोजवर आहेत. तिथे बांधायला क्लँग लागतं आणि खटाटोप बराच, म्हणून हिशेब आम्ही लिनक्सवर करतो आणि त्यांना निकाल पाठवतो. बीएसडी परवाना असल्यानं आमच्या प्रोग्राममध्ये ब्लिस घालून देताना वकिलाकडे जावं लागलं नाही. फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा.