केमोच्या जोडीला काय: साबणाचे फुगे, मालिश, मनगटी पट्टा की काढा?

मुलांमध्ये सर्रास आढळणाऱ्या ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, उपचार दोन-तीन वर्षं चालतात. तेवढ्या काळात ‘औषधांच्या जोडीला हेही करून बघा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि लेकराचे हाल बघवत नाहीत म्हणून आईबाप कशालाही तयार होतात. भाचीच्या वेळी आम्हीही झालो होतो. तेव्हापासून मी आधी एवढंच विचारते: हे पोटात जाणार आहे का?

जात नसेल, तर माझी पहिली पसंती लक्ष वळवण्याला. पोर्टला (औषध देण्यासाठी छातीवर त्वचेखाली बसवलेल्या डबीला) सुई लावताना सिस्टर भाचीला साबणाचे फुगे उडवायला लावायच्या. फुगा मोठा व्हायला श्वास अगदी हळू सोडावा लागतो. ती त्या नादात असतानाच सुई आत गेलेली असायची. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) अशा 59 चाचण्या तपासल्या आहेत. पुरावा फार भक्कम नाही, पण सुईचं दुखणं लक्ष वळवल्याने आणि संमोहनाने कमी होताना दिसलं. आणि यात धोका जवळजवळ नाही.

मळमळीसाठी मनगटावर बांधायचा अ‍ॅक्युप्रेशरचा पट्टा मिळतो. निरुपद्रवी आहे, पण 2018 मध्येच प्रसिद्ध झालेल्या मुलांवरच्या चाचणीत खऱ्या पट्ट्याने दाब न देणाऱ्या खोट्या पट्ट्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. मी त्यावर पैसे घालणार नाही. मळमळीचं औषध वेळेवर द्या.

काढ्याचं मात्र तसं नाही. गुळवेल घरचीच वाटते, म्हणून भीती वाटत नाही. पण रोजची मरकॅप्टोप्युरीन आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट या केमोच्या गोळ्यांचा ताण यकृतावर आधीच असतो. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवली. ते मोठे होते, केमोवर नव्हते. केमोवरच्या मुलाचे रिपोर्ट बिघडले, तर दोष काढ्याचा की गोळीचा हे डॉक्टरांना कळणार कसं? गोळी थांबवावी लागते, म्हणजे मूळ उपचारच अडतो. साध्या मल्टिव्हिटॅमिनचंही तेच: त्यातलं फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करू शकतं.

आमच्याकडे आजी रोज सकाळी चमचाभर काढा द्यायची. आठवडाभर आम्ही लपवलं, मग बाटलीच ओपीडीत नेली. डॉक्टर रागावले नाहीत. काढा बंद करून त्यांनी आजीला मालिश सांगितलं: प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तेव्हा दाब द्यायचा नाही, पोर्टच्या आसपास हात लावायचा नाही, ताप असेल तर नको. त्या रात्रीपासून आजी तिच्या तळपायांना खोबरेल लावत बसायची, अगदी हलक्या हाताने, पोर झोपेपर्यंत.