हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथीचा संशय: स्टेरॉइड लगेच, की सर्व अहवाल आल्यावर?

थायरॉईडचा त्रास असलेली व्यक्ती काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, तिच्या हातापायांना झटके बसतात किंवा फिट येते, आणि रक्तात अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची) प्रतिपिंडे वाढलेली दिसली की हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी या १९६६ मध्ये प्रथम नोंदवल्या गेलेल्या, मेंदूच्या दुर्मीळ आजाराचे नाव पुढे येते. तो स्टेरॉइडने आटोक्यात येऊ शकतो, त्यामुळे उशीर नको असे घरच्यांना वाटणे अगदी रास्त आहे.

मात्र ही प्रतिपिंडे अनेक निरोगी माणसांतही, विशेषतः स्त्रियांत, आढळतात आणि त्यांच्या आकड्यावरून मेंदूच्या आजाराची तीव्रता ठरत नाही. शिवाय क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या मुंबईत क्षयजन्य किंवा विषाणूजन्य मेंदूज्वर न तपासता केवळ स्टेरॉइड दिले, तर मूळ संसर्ग झाकला जाऊन बळावण्याचा धोका असतो. म्हणून साखर, सोडियम, बी-१२, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीतले पाणी या तपासण्या, रुग्णालय केईएम असो, नायर असो वा खासगी, शक्यतो पहिल्या मात्रेपूर्वीच व्हाव्यात, असे माझे ठाम मत आहे. या आजारात एमआरआय बहुधा सामान्य, ईईजीतील लहरी मंद आणि पाण्यातील प्रथिने वाढलेली आढळतात. यांपैकी एकही खूण एकटी निर्णायक नाही.

मेंदूवर हल्ला करणाऱ्या इतर स्वयंप्रतिकार आजारांत आढळणाऱ्या एनएमडीए, एलजीआय-१ यांसारख्या प्रतिपिंडांचे अहवाल यायला मात्र काही दिवस लागतात. नमुने पाठवणे आवश्यकच आहे, कारण ती आढळल्यास निदान बदलते. पण त्या आजारांतही सुरुवातीला बहुधा स्टेरॉइडच देतात, त्यामुळे संसर्गाची शक्यता मावळल्यावर केवळ या अहवालासाठी उपचार रोखण्यात फारसा लाभ नाही. सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून देतात; मधुमेहींची साखर त्या काळात वारंवार पाहावी लागते.

गुण न आल्यास इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शिरेतून देणे) की प्लाझ्मा बदल (रक्तातील द्रव भाग काढून बदलणे), हा पुढचा प्रश्न असतो. पहिला देण्यास सोपा, पण ६० किलोच्या रुग्णाला ५ दिवसांत एकूण सुमारे १२० ग्रॅम लागत असल्याने खर्च सहज लाखांत जातो, आणि मूत्रपिंड अशक्त असल्यास जपावे लागते. दुसऱ्यासाठी बहुधा मानेच्या शिरेत जाड नळी घालावी लागते व रक्तदाब उतरू शकतो. या आजारात एकाचे श्रेष्ठत्व सिद्ध झालेले नाही, त्यामुळे मूत्रपिंड, हृदय आणि ऐपत पाहूनच निवड करावी.

सुधारणा दिसली तरी पुढे दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. त्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि त्या काळात आजार उलटल्यास अझाथायोप्रिनसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार होतो.