बदलत्या टोकांच्या गोल सुया: एक सेट, चार विणकामं आणि अख्खा हिवाळा

दसऱ्याला घेतलेला सेट होळीपर्यंत जवळजवळ रोज वापरला, म्हणून आता सविस्तर लिहिते. एक स्वेटर संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावणाऱ्यांना याची काही गरज नाही. ज्यांच्या पिशवीत कायम दोन-तीन अर्धवट कामं असतात, त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

सेटमध्ये 3.5 ते 8 मिमीपर्यंतच्या लाकडी टोकांच्या जोड्या, दोन टोकांना जोडणाऱ्या वेगवेगळ्या लांबीच्या लवचिक केबल, टोपणं आणि एक बारीक किल्ली असते. टोकं केबलला आट्यांवर बसतात. काम बाजूला ठेवायचं असेल, तर ओळ पूर्ण करून टोकं काढायची आणि केबलच्या दोन्ही बाजूंना टोपणं लावायची. टाके केबलवर सुखरूप राहतात आणि टोकं दुसऱ्या कामाला मोकळी होतात. खरी सोय ही आहे. पूर्वी चार कामं म्हणजे चार जोड सुया अडकलेल्या असायच्या.

ठाण्यात स्वेटर लागतो कुणाला, असं सगळे विचारतात. विणते मी नौपाड्यात, पण घालणारे नाशिकला आणि पुण्याला आहेत. यंदा सासूबाईंची शाल, भाच्याचा स्वेटर, भाचीच्या बाळाचं टोपडं आणि माझा सुती जाळीचा स्टोल अशी चार कामं एकत्र चालू होती. शाल नुसती सुलट टाक्यांची, म्हणून ती लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणारी गाडी मिळाली की बसायला मिळतं आणि दादरपर्यंत बऱ्याच ओळी होतात. गोल सुईमुळे कोपर शेजारणीला लागत नाही, सुई निसटून बाकाखाली जात नाही आणि शालीचं वजन केबलवरून मांडीवर येत असल्याने मनगट दुखत नाही. स्वेटर रात्री टीव्हीसमोर. जाळीचं काम फक्त रविवारी सकाळी, घर शांत असताना.

या जाळीच्या कामात सेटची एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडली. केबलच्या धातूच्या मानेत किल्लीसाठी आरपार भोक असतं. त्यात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवला आणि ओळ विणली, की दोरा केबलबरोबर आपोआप सगळ्या टाक्यांमधून जातो. पुढे नक्षी चुकली तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके सुटत नाहीत. सुईने एकेक टाका ओवत बसायचा त्रास वाचतो. ओवलेला दोरा खुणेच्या रिंगांमधून मात्र जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रिंगा तिथेच अडकतात.

मापाबद्दल जरा थांबून सांगते. सेटवर माप मिमीत असतं आणि आईच्या डब्यातल्या सुया नंबरच्या. आपल्याकडची 8 नंबरची सुई म्हणजे 4 मिमी, 10 नंबरची 3.25. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पॅटर्नमध्ये याच्या उलट, तिथली 8 नंबरची सुई 5 मिमीची असते. म्हणून नंबर सोडून मिमीच बघा. आणि लक्षात घ्या, आपण बॉर्डरला सर्रास वापरतो ती 10 नंबर या सेटमध्ये नाही. मला ती वेगळी घ्यावी लागली. टोकं काढून ठेवलेल्या प्रत्येक कामाला मापाची चिठ्ठी बांधायची, हेही ओघाने आलंच. महिन्याभराने चुकीच्या मापाची टोकं लावली, तर कापडाची वीणच बदलते.

आता उणिवा. टोकांच्या भरपूर जोड्या पाहून आपण खूश होतो, पण आधी संपतात केबल आणि टोपणं. प्रत्येक थांबलेलं काम एक केबल आणि दोन टोपणं धरून बसतं. शिवाय स्वेटर आणि शाल दोन्हींना 4 मिमीच लागली, की जोडी एकच असल्याने टोकं रोज इकडून तिकडे करावी लागतात. टोपड्यासाठी 40 सेमीचा गोल हवा, तो या लांब टोकांनी होत नाही. आखूड टोकं वेगळी मिळतात. मी 80 सेमीच्या केबलचा मधला भाग टाक्यांमधून बाहेर ओढून विणलं. जमतं, पण वेग कमी होतो.

आटे किल्ली लावून घट्ट केले नाहीत, तर विणताना हळूहळू सैल होतात आणि फटीत लोकर अडकते. नुसत्या बोटांनी पिळून भागत नाही. नवी केबल वेटोळं सोडत नव्हती, ती गरम पाण्यात बुडवून सरळ धरल्यावर वळणावर आली. माझ्या सेटमधलं 5 मिमीचं एक लाकडी टोक जानेवारीत धातूच्या मानेतून सुटलं. विकणाऱ्याने बदलून दिलं नाही, याचं वाईट वाटलं. अराल्डाइटने चिकटवलं, अजून टिकून आहे.

लाकूड की धातू, हा प्रश्न मैत्रिणी नेहमी विचारतात. गाडीत विणायचं असेल तर लाकूड, कारण टाके आपोआप घसरत नाहीत. पण ठाण्यात जानेवारीतल्या दुपारीही हाताला घाम येतो आणि तेव्हा ॲक्रिलिक लोकर लाकडावर अडखळत सरकते. भरभर विणणाऱ्यांनी धातूचाच सेट बघावा.

सेट काही हजारांचा आहे. एकदम एवढे पैसे घालायचे नसतील, तर 4 आणि 5 मिमीची एकेक जोडी, तीन केबल आणि टोपणं सुटी घेऊन सुरुवात करा. सगळं एकाच कंपनीचं घ्या, आटे एकमेकांना बसतीलच असं नाही. मी आता 4 मिमीची दुसरी जोडी मागवली आहे.