मापाची झोळी: बाळंतपणानंतरचं रक्त मोजणाऱ्या ड्रेपची परख

चादरीवर पसरलेलं, गॉझमध्ये मुरलेलं आणि फरशीवर सांडलेलं रक्त बघून "साधारण तीनशे मिलिलिटर गेलं असेल" असं म्हणायची सवय प्रसूतिगृहात सगळ्यांनाच असते. हा अंदाज बहुधा कमीच निघतो, आणि रक्त जितकं जास्त जातं तितका तो जास्त चुकतो. बेळगावात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नजरेचा अंदाज ड्रेपमधल्या (रक्त गोळा करायला बाईखाली अंथरायच्या चादरीतल्या) मापापेक्षा 33 टक्क्यांनी कमी भरला होता. त्यावरचा उपाय म्हणजे हीच ड्रेप, म्हणजे मापाची झोळी: पारदर्शक प्लॅस्टिकची चादर, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा.

वस्तू चांगली आहे, पण नुसती आणून टेबलावर अंथरली तर तिचा उपयोग नाही. युरोपातल्या 13 देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष 2010 साली आले) रक्त गोळा करणारी पिशवी दिल्याने गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. उलट केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत (2023) रक्तस्रावाचे गंभीर परिणाम 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. तुलनेच्या गटातही ड्रेप होतीच, पण तिच्यावर आकडे नव्हते. दुसऱ्या गटात आकड्यांची ड्रेप होती, शिवाय आकडा गाठताच काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं.

आता वापराचं. ड्रेप बाळ बाहेर आल्यावर आणि मागचं गर्भजल वाहून गेल्यावरच सरकवायची. घाईने आधीच अंथरली की गर्भजल आणि लघवी झोळीत उतरते, मग उपचार सुरू करायचा 500 मिलिलिटरचा आकडा खोटा ठरतो. दोन-तीनदा असा खोटा इशारा मिळाला की खऱ्या इशाऱ्याकडेही कुणी बघत नाही. बाईला नितंब उचलायला सांगून सपाट भाग कमरेपर्यंत न्यायचा, नाड्या असतील तर सैल बांधायच्या. प्लॅस्टिक गार लागतं, तेव्हा तिला आधी सांगावं.

नवीन झोळीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात. बोटं घालून त्या तळापर्यंत मोकळ्या केल्या नाहीत तर रक्त वरच्या घडीतच तळं करून राहतं, खाली येत नाही आणि माप कोरडंच दिसतं. हा दोष जवळपास सगळ्याच पातळ प्लॅस्टिकच्या ड्रेपमध्ये आहे. झोळी टेबलाच्या कडेवरून लोंबती हवी. सपाट पलंग असेल तर डोक्याची बाजू थोडी उचलावी, झोळी पायांमध्ये ठेवावी आणि वाचताना सरळ उभी धरून डोळ्यांच्या पातळीवर वाचावी. आडव्या पडलेल्या पिशवीवरचा आकडा निरर्थक असतो.

किमान पहिला तासभर दर 15 मिनिटांनी झोळी वाचायची, आणि त्याच वेळी नाडी, रक्तदाब, रक्ताची धार आणि गर्भाशय घट्ट आहे का हेही बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या मार्गदर्शनानुसार 500 मिलिलिटरला उपचार सुरू करायचे. 300 पार झालं आणि सोबत नाडी 100 च्या वर किंवा वरचा रक्तदाब 100 च्या खाली असेल तर त्याआधीच. उपचार एकेक करून, परिणामाची वाट बघत करायचे नाहीत. गर्भाशयाची मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव थांबायला मदत करणारं औषध) 1 ग्रॅम शिरेतून सावकाश 10 मिनिटांत (प्रसूतीपासून 3 तासांच्या आत), सलाईन, मूत्राशय रिकामं करणं, वार पूर्ण आली का आणि कुठे फाटलं आहे का ते तपासणं, हे सगळं एकत्र. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत आकड्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

या वस्तूचा खरा धोका रिकाम्या झोळीत आहे. गर्भाशय मऊ पडून आत गुठळ्या साठत असतील किंवा योनीच्या भिंतीत रक्त जमत असेल, तर बाहेर फारसं येत नाही. झोळीत 100 दिसतात, तिकडे नाडी 120 वर गेलेली असते. अशा वेळी विश्वास नाडीवर ठेवायचा. हात पोटावर ठेवून गर्भाशय बघायचंच, झोळी काहीही म्हणो.

झोळीबाहेरचं रक्तही हिशेबात धरावं लागतं. पॅड आणि गॉझचं कोरडं वजन आधी लिहून ठेवावं, भिजल्यावर तोलून फरक काढावा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. ड्रेप संपल्या तर हीच पद्धत एकटीही चालते, फक्त वेळ जास्त लागतो.

खरेदी करताना स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक, रुंद तोंड, ठळक रेघा आणि 300 व 500 च्या वेगळ्या रंगातल्या खुणा बघाव्यात. दुधी प्लॅस्टिक घेऊच नये. मंद उजेडात रक्ताची पातळी दिसत नाही आणि टॉर्च शोधण्यात मिनिटं जातात. नवा गठ्ठा आला की त्यातली एक झोळी टांगून मोजपात्राने 500 मिलिलिटर पाणी ओतावं. पातळी रेघेपासून उघड दूर गेली तर गठ्ठा परत पाठवावा. हीच झोळी पुढे लाल पाण्याने सरावाला वापरता येते: आधी पाणी चादरीवर ओतून अंदाज विचारायचा, मग मोजलेला आकडा दाखवायचा.

वापरलेली झोळी धुऊन पुन्हा घ्यायची नाही. ती रिकामी करण्याआधी शेवटचा आकडा वेळेसकट कागदावर उतरवून घ्यावा, कारण पुढे रक्त चढवायचं की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न तोच येतो.