सॉनिक स्क्रूड्रायव्हरची प्रतिकृती : दिवा हिरवा की निळा?

बेळगावच्या खडेबाजारातील एका दुकानातून घेतलेली ही प्रतिकृती ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील अकराव्या डॉक्टरच्या (या नायकाची भूमिका वेळोवेळी नवा नट करतो), म्हणजे २०१० पासून मॅट स्मिथच्या हाती दिसलेल्या सॉनिक स्क्रूड्रायव्हरची, ध्वनिलहरींनी कुलपे उघडण्यासारखी कामे करणाऱ्या त्याच्या उपकरणाची आहे. टोकाचे पंजे फटकन उघडतात आणि हिरवा दिवा लख्ख लागतो. तांबूस रंगकाम नेटके आहे, मात्र मुठीवरचा प्लास्टिकचा सांधा लपत नाही आणि बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू इतका बारीक आहे की तो उघडायला घड्याळजी गाठावा लागला. (स्क्रूड्रायव्हरलाच स्क्रूड्रायव्हर लागावा!)

टिळकवाडीतील आमच्या मित्रमंडळींत २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हाचा सडपातळ, निळ्या दिव्याचा नमुनाच खरा मानणारे अधिक आहेत. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र रंगावर नाही. हे उपकरण जादूच्या कांडीसारखे वापरल्याने डॉक्टरची हुशारी झाकोळते, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण संकटातून सुटण्याची फार सोपी वाट ठरते म्हणूनच मूळ मालिकेने १९८२ मध्ये ते नष्ट केले होते. परंतु ज्या पात्राचा चेहराच बदलतो, त्याचे उपकरण बदलल्याने विसंगती निर्माण होते, हे मला पटत नाही. संग्राहकांनी जरूर घ्यावी. लहान मुलांच्या हाती पंज्यांची स्प्रिंग टिकणार नाही.