देवदूताची भेट की दरीपार जाणं?

पाश्चात्त्य विधीजादूत, म्हणजे विधी आणि प्रार्थनांतून करायच्या गूढ साधनेत, अंतिम ध्येय कोणतं, याची दोन उत्तरं मिळतात. एक, आपल्या पवित्र रक्षक देवदूताशी ओळख आणि संवाद. ‘अब्रामेलिन’ या जादूच्या जुन्या ग्रंथाच्या फ्रेंच पोथीत त्यासाठी सहा महिन्यांची साधना आहे: एकांत, रोजची प्रार्थना, देवघराबाहेरच्या गच्चीवर पसरलेली नदीची बारीक वाळू. याचसाठी इंग्रज गूढसाधक अलिस्टर क्रोलीने १८९९ मध्ये स्कॉटलंडमध्ये लॉक नेसकाठचं घर घेतलं. विधी मात्र तिथे अर्धवट राहिला.

दुसरं, ‘दरी’ ओलांडणं, म्हणजे माणसाचा ‘मी’ आणि परमतत्त्व यांच्यातली पोकळी पार करणं. १९०९ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात, शिष्य व्हिक्टर न्यूबर्ग सोबतीला असताना, क्रोली या दरीला सामोरा गेला. भेटीत ‘मी’ शाबूत राहतो, दरीत तोच अर्पण करायचा. क्रोलीने मांडलेल्या साधनेच्या पायऱ्यांत दरी वरची, तरी मला भेटच मोलाची वाटते. तिच्याशिवाय दरीकडे वळणं मला भयंकर वाटतं.